ज्याची पाळी, त्याच्या हाती नाही

मित्रांनो, अशी कल्पना करा, की दुपारची वेळ आहे. घरात कोणी नाही. तुमच्यासमोर एक लांबलचक प्रश्नपत्रिका पडली आहे आणि वेळ संपत आली आहे. अजून दोन उतारे वाचायचेच राहिले आहेत. तुमचे हात गार पडले आहेत. समोर टेबलावर एक घड्याळ टिकटिक करते आहे आणि ते थांबवण्याची युक्ती फक्त तुम्हालाच ठाऊक आहे.

काय कराल? लगेच उत्तर देऊ नका. आधी माझी गोष्ट ऐका, कारण ते घड्याळ मीच आहे.

मी एक जुने, किल्लीचे, गजराचे घड्याळ आहे. माझा रंग हिरवा होता. आता तो कडेकडेला उरला आहे. मला दोन आखूड पाय आहेत आणि डोक्यावर पितळी घंटा आहे. वसईकडच्या नंदाखाल गावातल्या नरहरींनी तरुणपणी मला विकत आणले, ते स्वतःला झोपेतून उठवण्यासाठी नव्हे, पाण्यासाठी.

नरहरींची केळीची वाडी आणि शेजारच्या कुटुंबाची नारळाची वाडी यांच्या मधोमध एक बावखल आहे. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचा, माणसांनी खोदलेला तलाव. त्यावर दोन्ही घरांत मिळून पाणी उपसायचे एकच इंजिन होते. दिवाळी सरली की पाणी खाली जाऊ लागे आणि मग वाड्यांना पाळीने पाणी सोडावे लागे. पाळी आली की भांडण आलेच. "तुमचं जास्त वेळ चाललं," "नाही, तुमचंच चाललं," असा आरडाओरडा माडांच्या शेंड्यांपर्यंत जायचा.

मी आल्यावर दोन्ही घरांनी बसून एक नियम केला. ज्याच्या वाडीत पाणी चालू असेल, त्याच्या हाती घड्याळ राहायचे नाही. नरहरींची पाळी असली की मी शेजाऱ्यांच्या पायरीवर बसायचे. शेजाऱ्यांची पाळी असली की नरहरींच्या ओट्यावर. माझी घंटा वाजली की इंजिन बंद. मग कोणी कोणावर ओरडत नसे. मला फार अभिमान वाटायचा, मित्रांनो. दोन घरांचा शब्द माझ्या पोटात टिकटिकत असे.

एकदा नरहरींच्याच पाळीत एका बोकडाने धडक देऊन मला पायरीवरून खाली पाडले. तेव्हापासून माझ्यात एक खोड राहिली. मला पालथे ठेवले की मी थांबते, आणि उभे केले की पुन्हा चालू लागते. नरहरींना हे कळले तेव्हा ते चिखलाच्या पायांनी तसेच शेजारी गेले आणि म्हणाले, "घड्याळ पालथं पडलं की थांबतं हो. आता तुम्हालाही ठाऊक असू दे." त्यांना गप्प बसता आले असते. ते बसले नाहीत.

पुढे दोन्ही वाड्यांत आपापल्या विजेच्या मोटारी आल्या. पाळ्या संपल्या आणि माझे कामही संपले. मी माळ्यावर गेले. फुटक्या कंदिलाच्या आणि गंजलेल्या कोयत्याच्या शेजारी पडून राहिले. माझ्या घंटेत कोळ्याने जाळे विणले. कोणी किल्ली देत नव्हते. घड्याळाला कोणी वेळ विचारीत नसेल तर ते काय आहे, याचा विचार करीत मी तिथे गप्प होते.

मग एके दिवशी माळ्याची शिडी वाजली आणि कृतिका वर आली. ही नरहरींची नात. बारावीत शिकणारी. तिला वकील व्हायचे होते. बावखलाच्या भांडणाची आणि नियमाची गोष्ट तिने लहानपणी इतक्यांदा ऐकली होती, की भांडणे मिटवणे हेच आपले काम, असे तिच्या मनाने घेतले होते. त्यासाठी कायद्याच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा द्यायची होती. ती डिसेंबरात होणार होती आणि त्याआधी घरी बसून पुष्कळ सराव परीक्षा सोडवायच्या होत्या. ती त्यांना 'मॉक' म्हणे. तिची आई सुहासिनी वसईला बँकेत जाते. आईने बजावले होते, "मॉक देताना फोन जवळ नको. घड्याळ लावून बस."

नरहरींनी मला पुसले, शिवणयंत्राचे तेल घातले आणि किल्ली दिली. मी टिकटिक करू लागले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. मला रडता येत नाही म्हणून बरे.

पण तो आनंद फार टिकला नाही. पहिल्या काही मॉकमध्ये कृतिका प्रामाणिकपणे लढली. उतारे मोठे आणि किचकट होते. वाचता वाचता तिचे ओठ कोरडे पडत. दर वेळी माझी घंटा वाजे, तेव्हा एक-दोन उतारे तसेच राहिलेले असत. घंटा वाजली की ती दचके. पुढे पुढे तर घंटा वाजायच्या आधीच दचकू लागली. ती माझ्याकडे अशी बघे, जणू मी तिला खायला बसले आहे. मित्रांनो, आपल्याला कोणी इतके घाबरते हे कळणे फार वाईट असते.

एका दुपारी पान उलटताना तिचे कोपर लागले आणि मी पालथे पडले. मी थांबले. खोलीत एकदम शांतता झाली. तिने मला उचलायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. मला टेबलावरच्या चादरीचे निळे फूल तेवढे दिसत होते. वर तिच्या पेनाचा भरभर आवाज येत होता. बऱ्याच वेळाने तिने मला उभे केले. राहिलेला उतारा सोडवून झाला होता.

त्या दिवशी गुण चांगले आले. आई घरी यायच्या आधी कृतिकाने फोनमध्ये बघून माझे काटे पुढे सरकवले आणि मी खऱ्या वेळेवर आले. बाहेरून बघणाऱ्याला काही कळले नसते.

पहिल्यांदा तो अपघात होता. पुढे तो अपघात राहिला नाही.

गुण चढत गेले. सुहासिनी फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगू लागली, "आमची कृतिका सगळा पेपर पूर्ण करते हो!" कृतिका शेजारी उभी राहून हसे, पण मला उचलताना तिचा तळवा ओला असे. कौतुक वाढले तशी तिची भूक कमी झाली. परीक्षेच्या हॉलमधले घड्याळ भिंतीवर उंच असते. ते पालथे घालता येत नाही. हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

शेजारच्या घरची जुलियाना हीच परीक्षा देत होती. बावखलाच्या पलीकडच्या वाडीतली, कृतिकाची बालमैत्रीण. ती एकदा कुरकुरीत फरसाणाची पुडी घेऊन आली आणि पलंगावर धपकन बसली.

"कृती, खरं सांग, तू घोस्ट रायटर ठेवलायस का? माझा एक पॅसेज तरी राहतोच यार. तुझा सगळा पेपर कसा होतो?"

कृतिका पुडी सोडू लागली. "काही नाही गं. आधी... आधी फक्त प्रश्न वाचायचे. उतारा वाचायचाच नाही पूर्ण. नुसती नजर फिरवायची."

"एवढंच? आणि मी बावळट पूर्ण वाचत बसते!" जुलियानाने कपाळावर हात मारला. "आजपासून तसंच. नाही जमलं तर तुझं घर जाळीन."

दोघी हसल्या. मी मात्र टेबलावर थरथरत होते. कृतिकाने तो उपाय स्वतः कधी करून बघितला नव्हता. तो तिने त्या क्षणी बनवला होता.

काही दिवसांनी कृतिका पुन्हा मॉकला बसली. मी पालथे होते. चादरीचे निळे फूल आता मला पाठ झाले होते. इतक्यात ओट्यावर चपलांचा आवाज आला. कृतिकाने झडप घालून मला उभे केले. माझे पाय टेबलावर आपटले आणि मी धडधडत चालू झाले. माझी धडधड जास्त होती की तिची, सांगता येणार नाही.

नरहरी वेलची केळ्यांची फणी घेऊन आत आले. "बाय, थोडं खाऊन घे." मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि तिथून मनगटावरच्या घड्याळाकडे. "हे मागे कसं पडलं गं?"

कृतिकाचा आवाज बारीक झाला. "म्हातारं झालंय ना, आजोबा."

मित्रांनो, माळ्यावर पडून होते तेव्हाही मला इतके लागले नव्हते.

"म्हातारा मीही झालोय. पण हे कधी चुकलं नाही," नरहरी मला कानाशी धरून म्हणाले. "सोमवारी आगाशीला घड्याळवाल्याला दाखवतो. तो नाही म्हणाला तर मग काय, भंगारच." त्यांनी मला खाली ठेवले आणि जरा हसले. "आणि हे काय? पाळी तुझी आणि घड्याळही तुझ्याच हाताशी? आमच्या वेळी असं केलं असतं, तर पलीकडच्यांनी बावखलात बुडवलं असतं मला."

ते गेले. कृतिकाने केळ्याला हात लावला नाही. मला भंगाराची भीती वाटत होती. तिला त्याहून मोठी भीती होती, घड्याळवाला काय सांगेल याची. ती माझ्याकडे बघत होती, पण या वेळी वेळ बघत नव्हती.

शनिवारी संध्याकाळी जुलियाना कुंपणापाशी आली. डोळे सुजलेले होते.

"मी परीक्षा देत नाहीये, कृती. सोमवारी डॅडींना सांगणार. तुझ्यासारखं करून बघितलं, तर होते तेही मार्क गेले. उतारा न वाचता मला काही कळतच नाही. तुला जमतं, मला नाही. माझं डोकंच नाही तेवढं."

"असं नको ना बोलू."

"मग कसं बोलू? तू सगळा पेपर करतेस. मी तेवढाच वेळ घेऊन रडते."

खिडकीतून मला सगळे ऐकू येत होते. मला ओरडावेसे वाटले. पण माझ्याजवळ एक घंटा आहे, आणि तीही दुसऱ्याने लावल्याशिवाय वाजत नाही. कृतिका घरात निघून आली. पलंगाच्या कडेवर बसून राहिली. जुलियानाने परीक्षा सोडली तर ती कोणामुळे, हे जगात दोघांनाच ठाऊक होते. त्यांतल्या एकाला बोलता येत नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे जुने घड्याळ असेल तर त्याला किल्ली द्या, पुसून ठेवा, उंचावर धुळीत टाकून देऊ नका. आम्हा जुन्या वस्तूंची एवढीच मागणी असते. माझी मात्र आणखी एक विनंती आहे. आम्हाला उभे राहू द्या. आम्ही कडू वेळ दाखवतो, तेव्हाच आम्ही तुमच्या बाजूचे असतो.

रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून शेजारची मंडळी घरी परतली. कृतिकाने प्रश्नपत्रिका आणि पेन घेतले आणि दुसऱ्या हातात मला धरले, अगदी सरळ. ती बावखलाच्या काठाने निघाली. पाण्यात तिची आणि माझी सावली हलत होती. मला वाटले, ही आता मला पाण्यात टाकणार. क्षणभर ती थांबलीही. मग चालू लागली.

जुलियानाची आई रोझलिन पायरीवर मासे साफ करीत होती. "ये गं. अय्या, हे अजून चालतं? सासरे याला घेऊन बसायचे इथेच."

"मावशी, जुलियानाला बोलावता?"

जुलियाना दारात आली. कृतिका एका दमात बोलली. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आले नसते. "मी पूर्ण पेपर कधीच करत नाही. वेळ संपत आली की मी घड्याळ पालथं घालते, मग ते थांबतं. तुला सांगितलेली युक्तीही खोटी होती. मी ती जागेवर बनवली. तुझे आधीचे मार्क माझ्या खऱ्या मार्कांपेक्षा जास्त होते."

रोझलिनच्या हातातली सुरी थांबली. मांजर माशाजवळ सरकले, तरी कोणी त्याला हाकलले नाही.

"म्हणजे मी आठवडाभर रडले ते..." जुलियानाचा आवाज फाटला. "कृती, तू फार वाईट आहेस."

"हो."

"मी तुझ्याशी बोलणार नाही."

"नको बोलू. पण परीक्षा सोडू नकोस. आणि मी हे घरी आजोबांनाही सांगणार आहे. आजच." कृतिकाने मला पुढे केले. "आधी हे घे. आज माझी पाळी आहे."

जुलियानाने मला हिसकावून घेतले, गजर लावला आणि पायरीवर आपल्या बाजूला ठेवले, पूर्वी तिचे आजोबा ठेवायचे तिथेच. "बस तिकडे. समोर. हात मला दिसले पाहिजेत," ती नाक ओढत म्हणाली. "आणि आईचा मासा मांजराने नेला तर त्याचे मार्कही तुझेच कापीन."

कृतिका पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. मी चालत होते. तिचे ओठ पुन्हा कोरडे पडले. ती दोनदा माझ्याकडे बघून दचकली. शेवटचा उतारा तिने अर्धा वाचला असेल-नसेल, तोच माझी घंटा वाजली, पूर्वी इंजिन बंद करायला वाजायची तशीच मोठ्याने.

"थांब," जुलियाना म्हणाली.

कृतिकाने पेन खाली ठेवले.