तारणातलं घर

आईने कागदांची जाड पिशवी टेबलावरून परत बँकेच्या बाईंकडे सरकवली.

"राहू द्या तुमच्याकडेच," ती म्हणाली. "तुमच्या तिजोरीत बरे राहतात."

बँकेच्या बाईंनी पावती पुढे केली होती, पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं. त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. तारण ठेवलेले कागद सुटावेत म्हणून लोक हातापाया पडतात, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. सुटलेले कागद कुणी नको म्हटल्याचं मात्र त्यांना आठवेना.

"आई, घराचे कागद आहेत ते," धाकटी म्हणाली. "आपल्या घराचे. सुटलं घर."

"दिसतंय मला. चष्मा लावलाय."

भिंतीपलीकडे टर्बाइनची घरघर एका लयीत चालू होती. नदीच्या बंधाऱ्यावरचं हे छोटं वीजकेंद्र धाकटीने उभारलं होतं. महिनाभर न थांबता वीज देऊन दाखवायची, अशी बँकेची अट होती. मागच्या खेपेला तिसऱ्या आठवड्यात एक बेअरिंग तापलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. या खेपेला ती डोळ्यांत तेल घालून बसली होती. आज सकाळी बँकेच्या इंजिनियरने दाखल्यावर सही केली, तेव्हा तिने पहिला फोन आईला केला आणि गाडी पाठवून तिला इथे आणवलं. आईने कागद स्वतःच्या हाताने घ्यावेत, एवढीच तिची हौस होती. आणि आई तर किडकी भाजी दुकानदाराला परत करावी तशी पिशवी परत करत होती.

आईला नीट कळलं नसेल, असं धाकटीला वाटलं. ती खुर्ची पुढे ओढून बसली.

"हे बघ, बँकेने कर्ज दिलं ते मला बघून नाही. माझ्याकडे बघण्यासारखं होतं काय? दिलं ते या विजेकडे बघून. पुढची पंधरा वर्षं इथली वीज विकायची, आणि त्या पैशातूनच कर्ज फेडायचं. उद्या केंद्र बुडालं, तर त्यांनी केंद्र ताब्यात घ्यायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"मग माझं घर कशाला ठेवून घेतलं होतं?"

"तेव्हा केंद्र होतं कुठे? नुसता खड्डा होता. खड्ड्यातून वीज निघेपर्यंत त्यांना काहीतरी हातात हवं होतं."

"आता निघतेय," बँकेच्या बाई म्हणाल्या. "तेव्हा यापुढे आमचं काही भांडण झालंच तर ते या यंत्राशी. तुमच्या घरावर आमचा काडीचाही हक्क नाही, काकू."

"काडीचाही नाही?"

"नाही."

"थोडासा ठेवायचा म्हटला तर?"

बाई मोठ्याने हसल्या. मग आई हसत नाही असं पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आई, काय चाललंय तुझं?" धाकटीने विचारलं.

आईने चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. "हे कागद हातात आले की दादा परवा गिऱ्हाईक घेऊन येणार आहे. सगळं ठरवून ठेवलंय त्याने. घर विकायचं आणि त्याच्या इमारतीत तळमजल्यावर मला एक जागा घ्यायची. बघून आले मी. खिडकीतून मोटारी दिसतात. उभ्या केलेल्या."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुझ्यामागे काय कमी व्याप होते? आणि तसा वाईट नाही गं तो. माझ्या गुडघ्यांची काळजी करतो. बाबा गेल्यापासून त्याचं चाललंय. मग तू घर बँकेत ठेवलंस, आणि मला बरं उत्तर मिळालं. त्याने विषय काढला की म्हणायचं, घर बँकेकडे आहे रे, माझ्या हातात काय आहे? की तो गप्प."

"पण घर तुझ्या नावावर आहे, काकू," बाई न राहवून म्हणाल्या, आणि आपण एकेरीवर आलो हे लक्षात येऊन ओशाळल्या. "म्हणजे, तुमच्या सहीशिवाय कुणालाही ते विकता येणार नाही. तुम्ही नाही म्हटलं की संपलं."

"तेच तर जमत नाही," आई म्हणाली. "तो येतो, पायाशी बसतो, पाय चेपतो आणि मग विचारतो. त्याला नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही, तो एवढासा होता तेव्हापासून. बँकेचं नाही मात्र तो ऐकतो."

पहिली चाचणी बारगळली त्या दिवशी धाकटीने फोनवर रडून घेतलं होतं, आणि आई म्हणाली होती, होईल गं सावकाश, घाई कुणाला आहे? केवढा धीर आहे हिच्यात, असं तेव्हा तिला वाटलं होतं. आईचं छप्पर आपण पणाला लावलं या विचाराने ती तीन वर्षं अंथरुणावर तळमळायची, आणि आई त्याच छपराखाली निवांत झोपत होती. तिला हसू आलं आणि त्याच्यामागून आईचा रागही आला. पण सगळ्यात जास्त वाटली ती लाज. घर सोडवून द्यायचं एवढंच तिने डोक्यात घेतलं होतं. पुढे त्या घराचं काय व्हावंसं वाटतं, हे आईला एकदाही विचारलं नव्हतं.

टेबलावरचा तिचा फोन वाजला. दादाचं नाव पाहून आईने हात मांडीवर घेतले.

या फोनची धाकटीने तीन वर्षं वाट पाहिली होती. कर्जाच्या कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी दादा चार नातेवाइकांदेखत म्हणाला होता, पाण्यातून पैसे काढायला निघालीये, आईला रस्त्यावर आणेल. त्याला काय सांगायचं ते तिने आंघोळ करताना, गाडी चालवताना कितीदा तरी मनात म्हणून पाहिलं होतं. तिने फोन उचलला आणि टेबलाकडे पाठ केली.

"काय गं, झाली का चाचणी?"

"नाही," धाकटी म्हणाली. "पुन्हा अडकली. कागद नाही देत म्हणतात एवढ्यात."

बँकेच्या बाई डोक्यावरच्या पंख्याकडे बघत राहिल्या. तो भिंतीपलीकडच्याच विजेवर फिरत होता.

"मी सांगितलं नव्हतं?" दादाचा आवाज पहिल्यापासून मोठा, खोलीभर ऐकू येत होता. "हे तुझ्या आवाक्यातलं काम नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतंस."

"आईचं घर अडकवून बसलीस. आता तिला काय सांगणार आहेस?"

"सांगेन काहीतरी."

"लोकांना मी काय सांगू? माझी बहीण पुन्हा नापास झाली म्हणून –"

धाकटीने डोळे मिटून घेतले. ऐकून घ्यायचंच होतं, तर सगळंच ऐकून घ्यावं म्हणून ती तशीच उभी राहिली. एवढ्यात मागे खुर्ची सरकली. टेबलाला हाताचा रेटा देत आई उठली, तिच्याजवळ आली आणि तिने तिच्या कानाजवळचा फोन काढून घेतला.

"नापास कुणाला म्हणतोस रे?" ती म्हणाली. "पास झाली ती. दाखल्यावर सही झालीय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. खोटं बोलली तुझ्याशी. माझ्यासाठी बोलली."

पलीकडे दादा काहीतरी म्हणाला. आता त्याचा आवाज ऐकू येत नव्हता.

"आहेत. माझ्यासमोरच आहेत कागद."

ती ऐकत राहिली. मोकळ्या हाताने तिने टेबलाची कड धरली होती.

"नाही," ती म्हणाली. शब्द इतका हळू आला, की पलीकडे पोचला की नाही याची तिलाच शंका आली असावी. "नाही म्हटलं. घर नाही विकायचं मला."

बँकेच्या बाई बाहेर जायला अर्धवट उठल्या, पण खुर्ची वाजेल म्हणून पुन्हा बसल्या.

"दुखतात की. गुडघे दुखतातच. तुझ्याकडे आले म्हणून थांबणारेत का दुखायचे? नाही रे, तुझ्यावर कशाला राग असेल माझा? पण नाही. परवा ये, जेवायला ये. त्या माणसाला आणू नकोस."

मग बराच वेळ ती नुसतं हं, हं करत होती. शेवटी फोन कानापासून दूर झाला, तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"घे," ती धाकटीला म्हणाली. "तुझ्याशी बोलायचंय त्याला."

"रागावलाय?"

"माझ्यावर रागावलाय. तुला विचारतोय, केंद्र बघायला कधी येऊ."