बिनउकिरड्याचं घर

ताईबाईने कोपरापर्यंत हात खड्ड्यात खुपसला आणि मनातल्या मनात वीस आकडे मोजले. विसाला हात बाहेर ओढावाच लागला. आत चांगली धग होती, म्हणजे खत बरोबर शिजत होतं. हाताला एक काचेचा तुकडा लागला होता, तो तिने पदराच्या टोकाला बांधला.

"पिकलं का?" ओट्यावरून सासूने विचारलं.

"अजून हप्ता लागंल, आत्याबाई."

"समिती परवा यायची हाय. परवाच पिकाय पायजे."

पार्वतीबाईंचा खाक्याच तसा. सुनेने ऐकायचं, म्हशींनी ऐकायचं, मग खताने तेवढं का ऐकू नये?

तळेगाव ढमढेऱ्यात या घराला बिनउकिरड्याचं घर म्हणत. बाकी प्रत्येक दाराशी उकिरडा होता. त्यावर माशा घोंगावत, आणि चार सरी पडल्या की सगळी घाण वाहून ओढ्याला मिळे. तोच ओढा खालच्या आळीच्या विहिरीला पाणी देई, आणि दरसाल श्रावणात तिथली पोरं हगवणीने अंथरूण धरत. या घराच्या दाराशी मात्र अंगण सारवलेलं असे. भाजीची देठं म्हशीला, शेण आणि केर खड्ड्याला, राख भांड्यांना, उरलेली राख पुन्हा खड्ड्याला. न्हाणीचं पाणी केळींना. डालड्याच्या डब्यात तुळस. फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या. विंचरताना गळालेले केससुद्धा मडक्यात साठत आणि फिरत्या बाईला देऊन त्यांच्या बदल्यात सुया येत. पार्वतीबाई दगडातून तेल काढतील, असं गाव म्हणायचं. तेल निघायचं खरं, पण दगड फोडायचे सुनेने.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि ताईबाईची कूस उजवली नव्हती. नवरा जयसिंग तोंडाने काही बोलत नसे. तो आईपुढे कशालाच काही बोलत नसे. पण दिवाळीपासून पार्वतीबाई गावोगाव निरोप धाडत होत्या आणि घरात माणसं येऊन पोहे खाऊन जात होती. आखूडशिंगी, बहुदुधी शोधायची म्हणजे वेळ लागतोच. ताईबाई पोहे करून द्यायची आणि कोण आलंय ते विचारायची नाही.

तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. दुसरी आली की आपल्याला दौंडला भावाकडे पोचवतील. भाऊ पोपट रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये कामाला होता. एक खोली, चार पोरं, आणि नणंदेच्या ताटातली भाकरी डोळ्यांनी मोजणारी वहिनी. औषधपाण्यासाठी म्हणून ताईबाई तिथे दोन महिने राहून आली होती. शेवटचे पंधरा दिवस ती उंबऱ्यात झोपत होती, कारण आत पाय पसरायला जागा नव्हती. पुन्हा त्या उंबऱ्यात जाण्यापेक्षा हिरीचा काठ बरा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

म्हणून तर ती खड्ड्याला एवढी जपत होती. दुष्काळ सरल्यावर शिरूरहून ख्रिस्ती दबोराबाई ग्रामसेविका म्हणून आल्या आणि त्यांनी बायकांना खड्ड्याचं तंत्र दाखवलं. केराचा थर, शेणाचा थर, मातीचा थर, वर पाणी, दीड महिन्याने उलटापालट. काच आणि पत्रा आधीच वेचून काढायचा. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ताईबाईने दुसऱ्या दिवशी कुदळ धरली. दोन वर्षांत मळ्याच्या टोकाचा बरड तुकडा, ज्यात कुसळही धड उगवत नव्हतं, तो भुसभुशीत काळा झाला. तिथे गांडुळं आली. सरकारी खताचं एक पोतं न टाकता वांगी लागली.

दबोराबाई गेल्या महिन्यात तिला म्हणाल्या होत्या, "पंचायत समितीला गावोगाव खड्डे शिकवायला बाई हवी आहे. पगार थोडा आहे, पण शिरूरला खोली मिळेल. येतेस?"

"घर सोडून कसं येऊ, बाई?" ताईबाई म्हणाली होती.

कारण तोवर आदर्श घराची स्पर्धा जाहीर झाली होती. पहिल्या नंबराला मानपत्र, काचेच्या चौकटीतलं, आणि त्यावर गृहिणीचं नाव. ज्या बाईचं नाव भिंतीवर टांगलेलं आहे तिला घराबाहेर कसं काढतील? हे गणित ताईबाईने रात्रंदिवस करून पाहिलं होतं आणि दर वेळी उत्तर तेच आलं होतं.

समितीची जीप आली. चष्मेवाले विस्तार अधिकारी उतरले, त्यांच्यामागे वही घेऊन दबोराबाई. साहेबांनी खड्डा पाहिला, केळी पाहिल्या, बरडाची मूठभर माती हातात घेऊन नाकाला लावली.

"सगळ्या गावाने एवढं केलं, तर ओढा दोन वर्षांत स्वच्छ होईल," ते म्हणाले. "आणि खताच्या पोत्यासाठी सोसायटीच्या दारात उभं राहायला नको."

ताईबाई खांबाआड उभी होती. तिला इतका आनंद झाला की तोंडावर पदर धरावा लागला.

चहा आला. साहेबांना कपबशी, दबोराबाईंना कान तुटलेला कप. फुटकं काही फेकायचं नाही, ते अशा पाहुण्यांसाठी ठेवायचं, हा या घराचा नियम होता. दबोराबाईंनी कप दोन्ही हातांनी धरला आणि चहा संपवला.

"बरं, आजी," साहेब हसत म्हणाले, "वर्षभरात या घरातून बाहेर काय काय टाकलंत?"

"काडी न्हाई, सायेब. ह्या घरातनं काडी बी वाया जात न्हाई."

"वा! नंबर तुमचाच. गृहिणीचं नाव सांगा, मानपत्रावर घालायला."

"लिवा," पार्वतीबाई म्हणाल्या. "सौभाग्यवती सोजराबाई जयसिंग."

दबोराबाईंची लेखणी थांबली. "ही कोण?"

"नवी सून. पाडव्याला लगीन हाय. मानपत्र काय रोज बदलून मिळतंय व्हय? आत्ताच नीट लिवलेलं बरं."

"आणि ताईबाई? आजी, पहिली असताना दुसरी करणं कायद्यात बसत नाही."

"दुसरी कराय तिची हरकत न्हाई, कागदावर सही हाय. इचारा की."

जयसिंग खाली वाकून वहाणेचा अंगठा चाचपू लागला. ताईबाईला मागच्या महिन्यातला कागद आठवला. स्पर्धेचा फॉर्म आहे म्हणून त्यानेच आणला होता. तिने खताचे हात साबणाने दोनदा धुतले होते, आणि चौथी शिकलेल्या अक्षरात, कागद मळू नये म्हणून जपून, नाव लिहिलं होतं.

"मग हिला दौंडला धाडणार?" दबोराबाईंनी विचारलं.

"दौंडला कशापायी?" पार्वतीबाईंना खरोखरच नवल वाटलं. "खड्डा कोन उलटंल? म्हशीचं कोन बघंल? नव्या पोरीचं बाळंतपन कोन काढंल? गोठ्याची पडवी हाय, तिथं ऱ्हाईल आन् दोन येळा जेवंल. आत्ताच म्हनले न्हवं सायेब, आमच्यात काय बी वाया जात न्हाई."

साहेब हसले. त्यांना ते बोलणं फार आवडलं आणि त्यांनी ते वहीत उतरून घ्यायला सांगितलं.

ताईबाईला आधी हायसं वाटलं, हे सांगायलाच हवं. दौंड टळलं होतं. वहिनीचे डोळे टळले होते, उंबरा टळला होता. देवाकडे मागितलं तेच मिळालं होतं. खांब धरून ती तेवढ्याच विचारावर उभी राहिली, आणि मग तिची नजर गोठ्याच्या पडवीकडे गेली.

जीपपाशी तिने दबोराबाईंना गाठलं.

"बाई, ती खड्डे शिकवायची जागा..."

दबोराबाईंनी तिचा हात धरला. "मागच्या सोमवारीच भरली गं. मी तुझ्यासाठी पंधरा दिवस अडवून ठेवली होती."

जीप गेली. धुरळा खाली बसेपर्यंत ताईबाई तिथेच होती. मग म्हैस ओरडली, म्हणून ती आत गेली.

आठवडाभराने खत पिकलं. पाडव्याला पंधरा दिवस उरले असताना पार्वतीबाईंनी ताईबाईची लग्नातली पेटी ओट्यावर आणून उपडी केली. तिच्यात फारसं काही नव्हतं. हिरवा शालू तेवढा घडीचा होता. नऊ वर्षांत तो तीनदा नेसला असेल.

"ह्येचा काठ उसव," पार्वतीबाई म्हणाल्या. "जरीचा हाय, बोहारीण चांगलं पातेलं दिईल. मधल्या कापडाची गोधडी शिव. आत जुनी धडुती घाल. नव्या जोडप्याला हातरुन नगं का? तुझ्यासारका टाका गावात कुनाचा न्हाई."

कधी नव्हे ते सासूने कौतुक केलं. ताईबाईने कात्री आणली. काठ उसवायला दुपार गेली, तो तिने गुंडाळून सासूपुढे ठेवला. मग हिरवं कापड ओट्यावर पसरलं, हाताने सारखं केलं, आत घालायच्या चिंध्या लावून पाहिल्या.

"लांबी-रुंदी किती धरू, आत्याबाई?" तिने विचारलं. "दोगांना पुरंल एवढी?"

पार्वतीबाई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तिगांना पुरंल एवढी धर. साल-दीड सालात पोर हुईल. परत कोन शिवत बसतंय?"

ताईबाईने माप सोडलं आणि आणखी दोन वीत पुढे धरलं.