जोडीची टूर

"ही माझी न्हाई," सुग्रीव म्हणाला. "ह्याच्यात माझी एकच मांडी बसंल. दुसरी घाटनांदूरला ठिवून यावं लागंल."

नदीकाठच्या लाकडी खोलीत तो मघापासून एक रबरी विजार वर ओढत होता. ही विजार पायांतल्या बुटांपासून थेट छातीपर्यंत येते, म्हणजे कंबरभर पाण्यात उभं राहिलं तरी माणूस कोरडा राहतो. सुग्रीवची मात्र मांडीवरच अडकली होती. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. दाटीत कशी वाट काढायची ते त्याला ठाऊक होतं, पण इथं त्याचं काही चालेना.

समोर मारित उभी होती. पन्नाशीची, वाऱ्यानं रापलेली नॉर्वेची बाई. मासे कसे धरायचे ते शिकवायला आजचा दिवस ती सुग्रीव आणि त्याचा दोस्त वीरभद्र या दोघांच्या वाट्याला आली होती. तिनं हातातला कागद पाहिला, मग सुग्रीवकडं पाहिलं, मग परत कागद पाहिला. कागदावर लिहिलं होतं, मिसेस रुद्राणी, उंची पाच फूट.

"मिसेस आल्या नाहीत?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"नो," वीरभद्र म्हणाला. "एक्स्पायर."

दुकानातल्या औषधांच्या बाटल्यांवर तो हा शब्द रोज वाचायचा. दुसरा कुठला शब्द त्याला सुचला नाही. मारितनं मान खाली घातली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. वीरभद्र आपले पट्टे लावत राहिला. त्याची विजार बरोबर त्याच्या मापाची होती.

घाटनांदूरला त्याचं बी-बियाणं आणि पिकांवरच्या औषधांचं दुकान. गल्ल्यावर तो बसायचा, पण दुकान चालवायची रुद्राणी. कुणाच्या शेतात काय पेरलंय, कुणाच्या कापसाला कशानं गुण आला, सगळं तिला तोंडपाठ. बियाणांच्या कंपनीनं स्कीम काढली होती. एकतीस मार्चपर्यंत टार्गेट पुरं करील त्या दुकानदाराला जोडीनं नॉर्वेची टूर. फॉर्ममध्ये एका दिवसासाठी तीन पर्याय होते, मॉल, बोट आणि मासेमारी. सात पिढ्यांत मासा न शिवलेल्या घरातल्या रुद्राणीनं मासेमारीवर खूण केली, कारण फोटोत एक बाई टोपी घालून नदीत एकटीच उभी होती.

"ही बघा की कशी निवांत हाय," ती म्हणाली होती. "कुणी हाकच मारंना हिला."

एकतीस मार्चला रुद्राणी अंबाजोगाईला दवाखान्यात होती. आठवा दिवस होता. सकाळी तिनंच त्याला उठवलं. "जावा, तेवढं करून या. वर्षभर मरमर केली आपण." तो घाटनांदूरला आला, दिवसभर बिलं केली, टार्गेट पुरं केलं आणि सहाच्या सुमाराला परत गेला. खाटेवरची चादर बदललेली होती. साडेतीनला गेली, तुमचा फोन लागला नाही, म्हणून नर्सनं सांगितलं.

तासाभरानं लातूरहून लेक आली. शिवांजलीनं त्याचे दोन्ही दंड धरले. "अप्पा, तुम्ही होता ना जवळ? एकटी नव्हती ना ती?"

वीरभद्रची मान हलली. होय म्हणून हलली.

तेवढंच. पण मान एकदा हलली की तिच्यामागं सगळी गोष्ट चालत येते. मातीच्या वेळी कुणी म्हणालं, नवऱ्याच्या हातचं पाणी घेऊन गेली. कुणी म्हणालं, मांडीवर डोकं होतं. शिवांजलीनं तेच उचललं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, आणि सांगता सांगता सावरत गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं रुद्राणीला बसवून पुरलं. तिच्या डाव्या तळहातावर लिंग त्यानंच ठेवलं. बोटं मिटेनात. स्वामींनी त्याच्या हातावर हात ठेवून ती मिटवली.

तेव्हापासून त्याला काही वाटेनासं झालं होतं. जेवण खारट झालं तरी कळायचं नाही. गावात लोक म्हणत, दुःखानं दगड झालाय. आता टूरहून परतलं की दुकान पुतण्याच्या हवाली करून लातूरला लेकीकडं राहायला जायचं ठरलं होतं. "आईचं तुम्ही शेवटपर्यंत केलंत, आता मला करू द्या," असं शिवांजली म्हणाली होती. त्या वाक्याला तो पाच महिने उत्तर शोधत होता.

रुद्राणीच्या जागी शाळेपासूनचा दोस्त म्हणून सुग्रीव आला. तिकिटावर नाव बदललं, बाकी ठिकाणी जोडी तशीच राहिली. हॉटेलात एकच मोठा पलंग होता आणि त्यावर टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले. "ह्यांला आधी येगळं कर बे," सुग्रीव म्हणाला होता, "मला लाजंनं झोप न्हाई यायची."

शेवटी सुग्रीवनं विजारीचा नाद सोडला आणि तो काठावरच्या दगडावर पाय पसरून बसला. मारित वीरभद्रला घेऊन पाण्यात उतरली. ऑगस्ट संपत आला होता, तरी पाणी बर्फासारखं होतं. रबराच्या आतून ते पायांना दाबत होतं, भिजवत मात्र नव्हतं. वीरभद्रला ते ओळखीचं वाटलं.

मारितनं लांब काठी त्याच्या हातात दिली. दोरीच्या टोकाला पिसं आणि रंगीत धागा बांधून केलेली खोटी माशी, तिच्या पोटात आकडा. ती पाण्यावर टाकायची, वाहू द्यायची, परत उचलायची. हे मासे समुद्रातून अंडी घालायला नदीत वर चढतात, तिनं सांगितलं, आणि वर चढताना काही खात नाहीत. वीरभद्रनं ते काठावर मराठीत पोचवलं.

"भूकच न्हाई म्हणल्यावर मग आकड्याला तोंड लावतो कावून?" सुग्रीवनं ओरडून थेट मारितलाच विचारलं.

तिला काय कळलं कुणास ठाऊक, तिनं खांदे उडवले. "कुणाला माहीत नाही. रागानं असेल. सवयीनं असेल."

"आन धरला की खायचा?"

"मोठी मादी असेल तर सोडायची. इथला नियम आहे."

वीरभद्रनं तेही सांगितलं.

"धरायचा आन सोडायचा!" सुग्रीवनं कपाळाला हात लावला. "आमी माजलगावच्या धरणावर गेलतो तवा मी आन डायवरनं मिळून टोपलंभर खाल्ला व्हता. ह्या लोकांला कुणी सांगितलंच न्हाई वाटतं खातेत म्हणून."

तास गेला, दीड तास गेला. माशी टाकायची, वाहू द्यायची, उचलायची. मारित म्हणाली, तुझा हात चांगला आहे, बाकीचे फार घाई करतात. मासा लागल्यावर झटका द्यायचा नाही, काही करायचं नाही, दोरी जाऊ द्यायची. काही न करणं वीरभद्रला पाच महिन्यांत चांगलं जमलं होतं. म्हणूनच असेल, दोरी अचानक ताठ झाली, काठी कमानीसारखी वाकली आणि काठीवरची दोरीची चकरी किर्रर्र करत फिरू लागली, तरी तो नुसता उभा राहिला.

"आरं लागलं! वीरभद्र्या, लागलं बे!" सुग्रीव दगडावर उभा राहून नाचत होता.

वीस मिनिटांनी तो मासा त्याच्या गुडघ्यांपाशी आला. दोन हात लांब, रुपेरी, अंड्यांनी पोट फुगलेलं. मादीच होती. मारितनं आकडा काढला आणि त्याला खूण केली, हात आधी ओले कर, मग धर. एक हात शेपटीशी, एक पोटाखाली. तोंड प्रवाहाकडं. दमलीय ती. ताकद आली की आपली आपण जाईल, तोवर नुसतं धरायचं.

"मी न्हाई," वीरभद्र म्हणाला. पण मारितनं मासा त्याच्या हातांत दिला होता.

थंड होतं ते. आणि तो थंडपणा त्याला माहीत होता, नेमका तेवढाच, ना कमी ना जास्त. बोटं मिटेनात तेव्हाचा. फरक इतकाच की हे हातातलं जिवंत होतं. कल्ले उघडत होते, मिटत होते. मिनिटभरानं शेपटीत जोर आला. "सोड आता," मारित म्हणाली. त्यानं सोडलं नाही. "सोड," ती पुन्हा म्हणाली. माशानंच एक हिसका दिला, त्याच्या तोंडावर पाणी उडालं आणि हात रिकामे झाले.

तो काठावर आला आणि सुग्रीवच्या शेजारी बसला.

"लई भारी," सुग्रीव म्हणाला. "वहिनी असत्या तर..."

"मी तिथं नव्हतो," वीरभद्र म्हणाला. "रुद्राणी गेली तवा. दुकानात व्हतो. बिलं फाडीत."

सुग्रीवनं त्याच्याकडं पाहिलं.

"पाणी?"

"कुणी पाजलं, ठाऊक न्हाई. पाजलं का न्हाई, तेबी न्हाई."

"मला सुदीक खोटं बोललास बे."

"मी कुणालाच काय बोललो न्हाई. मान हलिवली निस्ती."

मारित थर्मासमधली कॉफी ओतत होती. तिनं दोन पेले दगडावर ठेवले आणि ती दूर जाऊन दोरी गुंडाळत बसली. वीरभद्रनं खिशातून फोन काढला तसा सुग्रीवनं त्याचं मनगट धरलं.

"पोरीला नगं सांगू. तिचं तेवढ्यावरच चाललंय. राहू दी."

"तिच्याकडं राह्यला जायचंय मला. रोज तिच्या हातचं खायचं, आन रोज तिनं तेच म्हणायचं."

"मग म्हणू दी की! तुझं काय जातंय?"

वीरभद्र दुसऱ्या हातानं लेकीचा नंबर शोधू लागला. सुग्रीवनं हात काढून घेतला.

लातूरला दुपारचे चार वाजले असतील. शिवांजली स्वयंपाकघरात होती. पडद्यावर तिचा चेहरा आला, मागं ओट्यावर चहाचं आधण. "अप्पा! नदी दाखवा. मासे धरले की काय? अगं बाई, धरला? हात लावला? आता घरी आल्यावर आधी अंघोळ करा, मग बाकीचं. आई बघत असंल वरून, हसत असंल."

"शिवे, ऐक."

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"तुझी आई गेली तवा मी तिच्याजवळ नव्हतो. दुकानात व्हतो. सहाला आलो, तवा ती गेलती. तू इचारलंस तवा मी मान हलिवली. ते खोटं हाय."

तिचे ओठ थोडे हलले आणि थांबले. मग चित्र डगमगलं, ओटा दिसला, बरणीचं झाकण दिसलं, आणि फोन उताणा ठेवल्यासारखं छत दिसू लागलं. छताला पंखा होता. तो फिरत होता. कुठंतरी नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला.

"कट झाला का?" सुग्रीवनं हळूच विचारलं.

"न्हाई. चालू हाय."

नळ बंद झाला. पावलं वाजली, लांब गेली. कुठलंसं दार लागलं. पंखा फिरत राहिला. दगडावरची कॉफी निवली. सुग्रीवनं आपली पिऊन टाकली, मग त्याचीही.

ती परत आली तर तिला आपलं तोंड दिसायला हवं, म्हणून वीरभद्रनं फोन तोंडासमोर तसाच धरून ठेवला. दंड भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.