नबीलालची विंग

नबीलाल चौतीस वर्षं नाटकात होता आणि एकाही प्रेक्षकानं त्याला कधी बघितलेलं नव्हतं. प्रॉम्प्टरला कोण बघतंय? विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, डोक्यावर मिणमिणता दिवा, आणि नट अडखळला की त्याच्या वाक्याचे पहिले दोन शब्द अर्ध्या आवाजात सोडायचे. दोनच. तिसरा शब्द दिला की नट आळशी होतो, असं नबीलालचं मत होतं आणि ते तो न विचारता कुणालाही ऐकवायचा. स्टुलाच्या आसपास तो कुणाला फिरकू द्यायचा नाही. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात हजेरी मांडणारा हा माणूस संध्याकाळी तालमीला गैरहजर, असं एकदाही झालं नाही.

त्याची बायको अजीजा एकदाच नाटकाला गेली होती, त्याच्या पहिल्याच प्रयोगाला. नवी साडी नेसून तीन तास खुर्चीत बसली आणि घरी आल्यावर म्हणाली, "तुमी नक्की तितंच होता का?" घरातली बोली दखनी, पण अजीजा मूळची मंद्रूप गावची, मराठी शेजारात वाढलेली, त्यामुळं नवऱ्याला टोमणा मारायचा असला की ती हटकून मराठीवर यायची. पुन्हा काही ती गेली नाही. न दिसणाऱ्या माणसाला बघायला कशाला जायचं, हा तिचा मुद्दा.

तर यंदा काय झालं, नाट्यसंस्थेचे नट पांगले. सुकन्या नोकरीसाठी बेंगळूरला गेली. शहाजीनं मंद्रूपला खताचं दुकान टाकलं. पण दिग्दर्शिका प्रियंका गप्प बसणारी नव्हे. तिनं ठरवलं, नाटक इंटरनेटवर करायचं. नट आपापल्या घरी कॅमेऱ्यापुढं, प्रेक्षक आपापल्या घरी, आणि सगळं थेट. पात्रं दोनच, बाप शहाजी आणि लेक सुकन्या. नबीलाल संहिता मागायला गेला तेव्हा ती जरा चाचरली.

"चाचा, ह्यात प्रॉम्प्टर नको. विंगच नाहीये. तुम्ही कुजबुजलात तरी दीडशे घरांत ऐकू जाणार."

नबीलालला ते लई लागलं. कारखाना सुटून दोन वर्षं झालेली, आता हेही सुटलं तर दिवसभर करायचं काय? तिसऱ्या दिवशी प्रियंकाच्या दारात उभा राहिला तो तोडगा घेऊनच. शहाजी आणि सुकन्यानं एका कानात फोनचा इअरफोन घालायचा. नबीलाल दोघांना एकाच फोनवर जोडून घेणार आणि शब्द तिथं देणार. लॅपटॉपवर तो नाटक नुसतं बघणार, माइक बंद, कॅमेरा बंद.

प्रियंकानं थोडा विचार केला. "चालेल. पण तुमचा आवाज किंवा चेहरा एकदा जरी प्रेक्षकांपर्यंत गेला, तर पुढच्या नाटकापासून प्रॉम्प्टर नाही. मान्य?"

"मान्य," नबीलाल म्हणाला. चौतीस वर्षांत विंगेतून एक शिंक बाहेर गेली नव्हती त्याची.

लॅपटॉप मुलीचा, मेहनाजचा. तिनं दाखवलं, "अब्बा, ही खाली दोन बटणं. माइक आणि कॅमेरा. दोन्हींवर लाल रेघ पाहिजे." नबीलालनं ते घोकून ठेवलं. तालमीला बसला की आधी टकाटक दोन्ही बटणं दाबायची, दोन्ही रेघा बघायच्या, मग संहिता उघडायची. ती दोन बटणं त्याच्या लेखी एकच होती.

सहा आठवडे तालमी चालल्या. अजीजा चहा ठेवायला यायची आणि म्हणायची, "ओठ किती हालत्यात तुमचे. झोपेत बी हालत्यात." नबीलाल हातानंच तिला जायची खूण करायचा.

प्रयोग रविवारी साडेसहाला लागला. मेहनाज आणि अजीजा स्वयंपाकघरात मोबाइलवर बघत होत्या. नबीलालला त्याची कल्पना नव्हती. तो लॅपटॉपपुढं स्टुलावर. नाटक छान रंगलं. सुकन्यानं मध्येच एक पान गाळलं, तेव्हा त्यानं तिला दोन शब्दांत अलगद मागं आणलं. शहाजीला शब्द एकदाच द्यावे लागले.

मग शेवटचा प्रसंग आला. लेक मनाविरुद्ध लग्न करून गेलेली, दहा वर्षांनी बापाला भेटायला आलीय. बाप सगळं ऐकून घेतो आणि एक शब्द बोलत नाही. ती निघते. तो तसाच बसून राहतो, मनात सात मोजतो, आणि म्हणतो, "जाताना दार ओढू नको. परत उघडायला मला उठावं लागतं." संपलं नाटक. त्या एका वाक्यात बापानं लेकीला माफ केलेलं असतं.

सुकन्या निघाली. नबीलालनं सात मोजले. आठ. नऊ. पडद्यावर शहाजीचा चेहरा अगदी स्थिर, पापणीसुद्धा हलेना. तेवढ्यात फोनमधून त्याचा घाबरा आवाज आला.

"चाचा, वायफाय गेलं हितलं. मी दिसतोय का? चाचा?"

प्रेक्षकांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं बाप अजून विचार करत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यानं लेकीला माफ केलंच नाही, असं होऊन नाटक संपलं असतं. नबीलालला प्रियंकाची अट आठवली. आपला आवाज तर जायचा नाही, शहाजीचाच जाईल, असं त्यानं मनाला सांगितलं, पण आपली जागा पणाला लागलीय हे त्याला पुरतं कळत होतं. त्यानं फोनचा स्पीकर लावला, फोन लॅपटॉपजवळ धरला आणि हळूच म्हणाला, "बोल. फोनवरच बोल, जातंय." आणि सवयीनं टकाटक दोन्ही बटणं दाबली.

दोन्ही लाल रेघा गेल्या. दीडशे घरांत शहाजीच्या जागी पांढऱ्या दाढीचा, बनियनवर बसलेला एक म्हातारा आला. आवाज शहाजीचा आला, "जाताना दार ओढू नको. परत उघडायला मला उठावं लागतं." आणि म्हाताऱ्याचे ओठ त्या शब्दांबरोबर तंतोतंत हलले.

पडद्यावर नबीलालला स्वतःचंच तोंड दिसलं. त्यानं बटणं दाबली, पण तोवर सगळं होऊन गेलेलं. खाली प्रेक्षकांचे संदेश येत होते. शेवटी खरा बाप आणलात, एकानं लिहिलं होतं. दुसऱ्यानं विचारलं होतं, हे आजोबा कोण?

पहिला फोन शहाजीचा. शेवट कसा झाला ते त्याला कुणीतरी कळवलं होतं. "चाचा, सहा आठवडे घासलं ओ मी. आन शेवटाला तोंड तुमचं."

"चुकलं बाबा. मला वाटलं नुसता आवाज जाईल."

"आवाज माझाच गेला न्हवं?"

"तुझाच. मी एक अक्षर बोललो नाही."

"मग असू द्या," शहाजी म्हणाला, पण नाराजी काही लपली नाही.

मग प्रियंका. नबीलाल तिच्या आधीच बोलला, "अट मोडली. कळलंय मला."

"मोडली," ती म्हणाली. "आणि तुम्ही ती पाळली असती तर माझं नाटक बुडालं असतं. पुढच्या महिन्यात परत प्रयोग आहे, या तुम्ही. फक्त त्या कॅमेऱ्यावर काहीतरी चिकटवा एकदाचं."

नबीलाल असा खूश झाला की फोन ठेवल्याबरोबर कपाटातून काळी चिकटपट्टी काढून बोटभर तुकडा कापला. तो लावायला वाकला, तेवढ्यात अजीजा दारात आली. डोळे लाल झालेले.

"चौतीस वर्षांनी एकदा दिसला," ती म्हणाली, "आन लगेच झाकायला बी निघाला व्हय?"

नबीलाल पट्टी धरून उभाच राहिला. तिनं सगळं बघितलं होतं, हे त्याला आत्ता कळत होतं. दोन शब्द पुढं करणारं तिथं कुणी नव्हतं.

त्यानं पट्टी कॅमेऱ्यावर चिकटवली. मग बाहेरच्या खोलीतली खुर्ची उचलून आणली आणि आपल्या स्टुलाला लागून ठेवली.

"पुढच्या प्रयोगाला इथं बस," तो म्हणाला. "बोलायचं मात्र नाही."

"कशाला बोलू?" अजीजा म्हणाली. "तुमचे ओठ बघत बसते की."