अजराआपाचा वाटा

माकुलाला पूर्वी बंदरावर कुत्रंही विचारत नव्हतं. काळी शाई ओकणारं ते लिबलिबीत जनावर जाळ्यात आलं की खलाशी शिव्या देत बाजूला फेकायचे. मग नव्वदीत कुणीतरी शोध लावला की स्पेनमध्ये म्हणे लोक माकुलावर जीव टाकतात. झालं! बंदरावर कंपनीच्या गाड्या यायला लागल्या आणि अजराच्या धाकट्या भावाचं, सुलेमानचं, नशीब उघडलं. होडी जाऊन लाँच आली, कौलं जाऊन स्लॅब पडला, त्याची लेक तूबा रत्नागिरीला कॉलेजात जाऊ लागली. अजराला याचा आनंदच होता. भाचीला एसटीवर बसवायला तीच जायची आणि रस्ताभर मिरवून घ्यायची.

पण त्या बंदराची एक रीत होती. ज्या बाईचा नवरा दर्याने नेला, तिला लिलावाआधी प्रत्येक होडीवरून दोन ओंजळी मासळी मिळायची आणि ती होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, स्वतःच्या हाताने तिच्या पाटीत घालायचा. ही खैरात नव्हती, हक्क होता. या वाट्यावर अजराने दोन मुलं वाढवली होती आणि कुणापुढे मान खाली घातली नव्हती.

दोन हजार सालच्या हंगामात कंपनीचा सुपरवायझर आला, डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढवून. अजराने नेहमीसारखी सुलेमानच्या टबापुढे पाटी धरली आणि सवयीने वरची चार माकुलं हाताने सारखी केली. साहेब किंचाळलाच. उघड्या हाताचा माल परदेशात चालत नाही, अख्खा टब बाद!

सुलेमानने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "आपा, तू आता बंदरार येव नको. तुला लागंल तां मी घरी धाडीन."

"माजे हात आज घाण झाले काय रे?"

सुलेमान खाली बघून बर्फ फोडत राहिला. ज्या हातांनी त्याला न्हाऊ-माखू घातलं होतं, त्याच हातांबद्दल ती विचारत होती. त्याने धाडलेली पिशवी अजराने दारातूनच परत केली. बाकीच्या होडीवाल्यांनीही संधी साधून रीत बंद केली, मालन आणि इतर विधवांच्या पाट्याही रिकाम्या राहिल्या, आणि अजरा हंगामभर आतल्या आत धुमसत राहिली.

मार्चात एका सकाळी जाळी माकुलाने फाटायची बाकी होती आणि कंपनीची गाडी हातखंब्याच्या उतारावर बंद पडली. बर्फ संपला, ऊन चढलं. सुलेमान धावत बहिणीच्या दारात आला. "चल आपा, तुजा वाटा घे. मालनला, सगळ्यांना घेवन ये. कुजवण्यापेक्षा बरा."

शेवटचं वाक्य अजराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वेडी कुठली! वाळूवर भावाने स्वतःच्या ओंजळीने तिची पाटी भरली तेव्हा तिचे डोळेसुद्धा भरून आले. तिने त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

तेवढ्यात नाक्यावर हॉर्न वाजला. गाडी आली होती.

सुलेमानने गाडीकडे पाहिलं, मग पाटीकडे. "आपा, जरा परत टबात ओत गे. दर्याच्या पाण्यात खंगाळलं की कोणाला कळायचा नाय. तुला उद्या देतो."

अजराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तवा माज्या बोटांनी तुजा टब बाटला, आन आता माज्या पाटीतला चालतो?"

"आपा, लोक बघतात."

"बघूं देत! तवा पन बघितलानीच!"

त्याने पाटीला हात घातला. अजराने ती हिसकली आणि तापल्या वाळूत पालथी केली. अन्नावर पाय ठेवताना तिचं काळीज चरकलं, पण तिने ठेवला, टाच रुतेपर्यंत ठेवला. मागे मालननेही आपली पाटी उलटली, मग तिसरीने. सुलेमान वाळूत बसून माकुलं वेचू लागला.

"धाड आता," अजरा म्हणाली. "सांग त्या स्पेनवाल्यांना, बाईचा हात लागला नाय. निस्ता पाय लागलाय."