बर्फाच्या डोंगरातला सुभेदार

खण्णकन ताट फरशीवर पडलं आणि दुपारच्या गपगार घरात गरगरत राहिलं. पाळण्यातलं बाळ चुळबुळलं, पण उठलं नाही. अंजनाचा जीव भांड्यात पडला. बाळ निजेल तेवढाच वेळ तिचा. त्यात ती बी. ए.च्या इतिहासाचं पुस्तक उघडायची.

ताट थोरल्या लेकीनं, रतननं, मुद्दाम पाडलं होतं. शिरूरच्या बाजारातून त्यावर तिचं नाव कोरून आणलेलं. वडगावची शाळा चौथीलाच संपली, म्हणून सोमवारी तिनं दौंडच्या वसतिगृहात जायचं ठरलं होतं. पण रतनच्या मते नाव घातलेली भांडी नवरीला देतात, आणि नवरी काही परत घरी राहायला येत नाही. बापानं समजावलं, आजी सोजरबाईनं शेंगदाण्याचे लाडू कबूल केले, पोरगी ढिम्म.

मग अंजनानं पुस्तकातला माणूस पुढं केला. तीन-साडेतीनशे वर्षांमागं इराणात एक सुभेदार होता. चेर्केस लोकांतला, बर्फाच्या डोंगरातला. रतनएवढा असताना त्याला धरून नेलं आणि शहाच्या दारी गुलाम केलं. धर्म बदलला, नावही बदललं. तो घोडा शिकला, बंदूक शिकला, फारसी शिकला. आधी पहाऱ्यावर होता, मग फौजेवर, आणि शेवटी एक अख्खा सुभाच त्याच्या हाती आला. त्याच्या हुकमाशिवाय किल्ल्याचं दार उघडत नसे.

रतन सरकत सरकत मांडीला येऊन टेकली. घोडा कुठल्या रंगाचा, बर्फावर त्याचे पाय घसरायचे का, सगळं तिनं विचारून घेतलं. पुस्तकात नव्हतं ते अंजनानं पदरचं घातलं. पोरगी वळतेय असं वाटून ती म्हणाली, “बघ, घर सोडलं म्हणून केवढा मोठा झाला.”

“सोडलं कुठं? त्याला तर धरून न्हेलं.”

अंजना ओशाळली. दर सुट्टीला मी स्वतः तुला घ्यायला येईन, असं तिनं रतनच्या गळ्याला हात लावून सांगितलं.

रतननं ताट उचललं, कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि आपल्या हातानं पेटीत ठेवलं. झाकण लावता लावता थांबली.

“आई, त्याचं तर नावबी बदललं. मग त्यो सुभेदार झाला, हे त्याच्या आईला कळलं कसं?”