पडद्यावरचा चौक

"मनोरा चुकीच्या बाजूला आहे!" म्हणत फोटोग्राफरने डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला आणि भर चौकात पाय आपटला.

सहलीचा शेवटचा दिवस. आधीची सगळी शहरं नुसती तोंडी लावायला होती. यायचं होतं ते इथेच. त्याच्या स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यावर हाच चौक होता. रुंद पायऱ्या, कमानी, कारंजं आणि डावीकडे घड्याळाचा मनोरा. गावातल्या निम्म्या नवरा-नवरींचे फोटो त्या पडद्यापुढे निघाले होते. इथे मात्र मनोरा खुशाल उजवीकडे उभा होता.

"तुझ्या भावाने माझं हसं केलं," तो बायकोला म्हणाला. "आंधळा होता का तो? इतकी वर्षं लोकांना खोटा चौक दाखवला मी! घरी गेल्या गेल्या तो पडदा फाडून टाकतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ आता नव्हता. त्याच्या हातचं म्हणून एवढा पडदाच उरला होता. रोज सकाळी स्टुडिओ झाडताना ती त्यावरून हलकेच फडकं फिरवायची. आणि हा माणूस तो फाडायला निघाला!

"त्याने जन्मात हा चौक पाहिला होता का?" ती म्हणाली. "कुणाच्या तरी निगेटिव्हवरून फोटो मोठा करून तुम्हीच दिलात. तो समोर ठेवून त्याने रंगवलं."

"मग?"

"मग काय! निगेटिव्ह पालथी घातली की डावं-उजवं उलटतं, हे मला कुणी शिकवलं?"

चिमटीत नसलेली फिल्म धरून फोटोग्राफरने ती हवेतच एकदा सुलटी केली, एकदा पालथी.

तिचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. तिने त्याला खांद्याला धरून चौकाकडे पाठ करून उभं केलं आणि पर्समधला आरसा काढून त्याच्या तोंडासमोर धरला.

आरशात मनोरा डावीकडे होता. कमानी, कारंजं, इतकंच काय, खालच्या पायरीचा उडालेला टवकासुद्धा पडद्यावर होता तिथेच होता.

"दाखवा, कुठे चुकला तो?"

त्याने आरशातल्या टवक्यावर बोट ठेवलं. मग घसा खाकरून, गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाला, "आरसा जरा वर घे. घड्याळ कापलं जातंय."

"आधी त्याला आंधळा म्हणालात ते मागे घ्या," ती म्हणाली, आणि आरसा तिने तसूभरही हलवला नाही.